चिलखताचा सांधा

शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र 6:10-20, यशया 59, 1 राजे 21 व 22, जखऱ्या 3



गेल्या पावसाळ्यात साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडील एका पाड्यावर प्रार्थनासभा होती. सभा संपल्यावर एक बहीण मागे थांबली. तिने दोन महिन्यांपूर्वी गळ्यातला ताईत काढून टाकला होता. मूल सारखे आजारी पडत होते, आणि शेजारणी आपसांत काहीतरी कुजबुजत होत्या. छातीवर, जिथे ताईत असायचा तिथे हात ठेवून ती म्हणाली, "दादा, ते तर सोडलं. आता इथं काय बांधू?"

मी तिला इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातून नीतिमत्त्वाच्या उरस्त्राणाविषयी वाचून दाखवले. हे छातीवर असले की शत्रूचे काही चालत नाही, असे सांगितले. तिला बरे वाटले, मलाही बरे वाटले. मोटारसायकलवरून घाट उतरताना मात्र मन खाऊ लागले. मी तिला दुसरा ताईतच तर बांधून आलो नाही ना? पहिला काळ्या दोऱ्याचा होता, हा वचनाचा. पण दोन्ही तिने एकाच समजुतीने घेतले असतील : गळ्यात असले की झाले, आपण काही करायचे नाही.

तिच्या भीतीला मी हसत नाही. आपल्या डोंगराळ भागात एखाद्या बाईला डाकीण ठरवले की तिचे काय होते, हे इथे काम करणाऱ्याला ठाऊक आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण कायदा पाड्यापर्यंत पोहोचतो तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. त्या बहिणीला खरेच संरक्षण हवे होते. आणि नव्या विश्वासणाऱ्यांचेच कशाला, आपल्या जुन्या मंडळ्यांतही पुष्कळ जण रोज सकाळी एकेक शस्त्र नावाने घेतात, डोक्याला हात लावून शिरस्त्राण, छातीला हात लावून उरस्त्राण. अशी प्रार्थना करण्यात वाईट काही नाही. पण ती करून घराबाहेर पडलेला माणूस दुकानात जाऊन खोट्या मापाने मोहफुले विकत घेऊ लागला, तर त्याच्या छातीवर नक्की काय असते?

या अंकातील पाठात एवढाच प्रश्न घेतो.

पौलाने हे पत्र लिहिले तेव्हा तो बेडीत होता, असे तोच सहाव्या अध्यायाच्या विसाव्या वचनात सांगतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात रोम शहरातील त्याच्या कैदेचे वर्णन आहे, तिथे त्याच्यावर पहारा करायला एक शिपाई ठेवलेला होता. त्यामुळे रोमी शिपायाचा पोशाख त्याने जवळून पाहिला होता, असे समजायला हरकत नाही. त्या काळी हे शिपाई लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेले चिलखत घालत, किंवा लोखंडी पट्ट्यांचे, आतून चामड्याने जोडलेले. दोन्ही जड. ते सवयीने पेलावे लागे. युद्धाची आरोळी झाल्यावर ते शोधायला धावणारा शिपाई मेलाच म्हणायचा. ते आधी अंगावर लागे, आणि रोजच्या कवायतीत अंगवळणी पडलेले असावे लागे.

संडे स्कूलमध्ये आपण सर्वांनी त्या शिपायाचे चित्र रंगवले आहे. चित्रात मुलांना तलवार आवडते, ढाल आवडते. उरस्त्राण कोणी आवडीने रंगवत नाही. ते मारत नाही, चमकत नाही, नुसते छाती झाकते. पण छातीत काळीज असते, आणि पवित्र शास्त्रात अंतःकरण म्हणजे केवळ भावनांची जागा नाही. माणूस ठरवतो कुठे, तर अंतःकरणात. म्हणून नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात सर्वांत जास्त राखण त्याची करायला सांगितली आहे.

हा शब्द पौलाने यशयाकडून घेतला. यशया 59:17 मध्ये नीतिमत्त्वाचे उरस्त्राण घालतो तो माणूस नव्हे, देव स्वतः घालतो. आणि तो ते का घालतो हे कळायला अध्याय पहिल्यापासून वाचावा लागतो. लोक उपासना करतात, तरी देव ऐकत नाही अशी त्यांची तक्रार आहे. संदेष्टा सांगतो की देवाचा हात आखूड झालेला नाही, तुमचे हात भरलेले आहेत. तिसऱ्या वचनात तर तो हातांवर न थांबता बोटांपर्यंत येतो. (हे वचन मी पूर्वी कितीदा वाचले होते! ते बोटांजवळ का थांबते हे मला फार उशिरा कळले. त्याविषयी पुढे लिहितो.) चव्हाट्यावर सत्य अडखळून पडले आहे, न्याय दूर उभा आहे, आणि जो वाईट सोडून देतो त्यालाच लोक लुटतात. मध्यस्थी करायला एकही माणूस नाही, हे पाहून देव चिलखत चढवतो.

म्हणजे हे उरस्त्राण मुळात अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या देवाच्या अंगावरचे आहे. यशयाच्या इब्री भाषेत त्यासाठी जो शब्द आहे, तोच यहुदी लोक आजही गरिबाला दिलेल्या दानासाठी वापरतात. आपल्या बोलण्यात 'नीतिमान' म्हटले की दारू न पिणारा, सिनेमा न पाहणारा, रविवार न चुकवणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. यशयाच्या डोळ्यांपुढे बाजार आणि कचेरी आहे. खानदेशात आखाजीला सालदाराचे साल संपते आणि नवे ठरते. आपल्या मंडळ्यांतही शेतमालक आहेत. सालदाराच्या हिशेबातून आजारपणाचे दिवस कसे कापले जातात, त्याने घेतलेली उचल वहीत कशी फुगते, हे देवाच्या दृष्टीने उपासनेबाहेरचे विषय नाहीत. याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते असे म्हटले आहे.

आता अहाब राजाकडे येतो. उरस्त्राणाच्या पाठात त्याचे नाव सहसा घेत नाहीत. माझ्या मते घ्यायला हवे.

1 राजे 21 मधील गोष्ट सर्वांना माहीत आहे. नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. राजाला तो भाजीपाल्यासाठी हवा होता. वडिलार्जित वतन विकणार नाही, असे नाबोथ म्हणाला. आदिवासींमध्ये काम करणाऱ्याला हे संभाषण ओळखीचे वाटते. पुढचे तर जास्तच ओळखीचे आहे. मळा तलवारीने घेतला नाही, कागदाने घेतला. ईजबेलीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याचीच मुद्रा केली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, उपास जाहीर केला (उपाससुद्धा!), आणि सर्व रीतसर करून नाबोथाला गावाबाहेर नेऊन मारले. कागद पूर्ण होते. आपल्याकडेही आदिवासींच्या जमिनी गेल्या त्या बहुधा कागदानेच. म्हणून तर 1974 साली महाराष्ट्र शासनाला अशा जमिनी परत देण्याचा वेगळा कायदा करावा लागला.

बाविसाव्या अध्यायात अहाब लढाईला जातो. आपल्यावर संकट आहे हे त्याला कळले आहे, म्हणून तो वेष बदलतो. अरामाच्या राजाने आपल्या रथांच्या 32 सरदारांना सांगून ठेवले आहे की दुसऱ्या कोणाशी लढू नका, फक्त इस्राएलाच्या राजाशी लढा. त्या 32 जणांना तो सापडत नाही. मग कोणी एक माणूस, त्याचे नावही दिलेले नाही, सहज धनुष्य ओढतो. तो बाण अहाबाच्या चिलखताच्या सांध्यातून आत जातो.

पाड्यावर हा अध्याय वाचला तेव्हा तिथले म्हातारे भिल्ल बांधव एकदम पुढे सरसावून बसले. बाणाचे त्यांना कळते. एकाने विचारले, नेम न धरता सांध्यात बाण कसा लागेल? मी म्हणालो, तेच तर लिहिले आहे. राजाने चिलखत घातले होते, वेष बदलला होता, 32 सरदारांना चुकवले होते. पण नाबोथाच्या वेळेला उघडी पडलेली जागा त्या चिलखताने झाकली नव्हती.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. ती आमच्या मंडळातील लोकांना माहीत आहे. या पत्रिकेच्या वाचकांना माहीत नाही. तुमच्या दानाशी तिचा संबंध आहे, म्हणून तुमच्यापासून ती राखून ठेवणे मला बरे वाटत नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पाड्यावर थंडीसाठी ब्लँकेटे वाटायची होती. पावसाळ्यात घरोघर जाऊन यादी केली होती, 64 कुटुंबांची. मंजुरी येता येता डिसेंबर उजाडला. दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरे बंद होतात हे तुम्ही जाणता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि ट्रक भरून माणसे गुजरातेत बारडोली, सुरतेकडे उसाला जातात. वाटपाच्या दिवशी 41 कुटुंबे हजर होती. 23 कुटुंबे उसात होती.

अहवाल 31 डिसेंबरपर्यंत जायला हवा होता. यादीत 64 आणि पावत्या 41 असे पाठवले तर पुढच्या वर्षी मदत मिळेल की नाही, ही मला काळजी. ब्लँकेटे तर त्यांचीच आहेत, ती आल्यावर देऊच, असे मी स्वतःला समजावले. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत शाईचे पॅड होते. 23 जागांवर अंगठे उठले. काही माझे, काही दोन तरुणांचे. ते नवे विश्वासणारे होते आणि मी सांगितले म्हणून त्यांनी अंगठे दिले. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी वाटप सुखरूप पार पडल्याबद्दल प्रभूचे आभारही मानले.

ब्लँकेटे त्याच खोलीत ठेवली. त्यांतली दोन जानेवारीत मी एका बाळंतिणीच्या घरी दिली, कारण तिथे गरज होती. लिहून ठेवले नाही. सहा उंदरांनी कुरतडली. त्याच सुमारास गावात बोलणे सुरू झाले की ब्लँकेटे विकली. मी पुढच्या रविवारी मंडळीला विनंती केली की शत्रू आपल्या कामावर हल्ला करत आहे, प्रार्थना करा. शुक्रवारी उपास ठेवला. त्या उपासाला मीच इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय वाचला. ईजबेलीच्या उपासाची मला तेव्हा आठवण झाली नाही.

फेब्रुवारीत मदत पाठवणाऱ्यांकडून दोन पाहुणे आले. भली माणसे होती, संशय घेऊन आलेली नव्हती. त्यांनी वही उघडली आणि सहज एक नाव वाचले. ती एक म्हातारी माय होती, सुनेचे मूल सांभाळायला उसात गेलेली आणि आजारी पडून महिन्यापूर्वी परत आलेली. ब्लँकेट मिळाले का, असे त्यांनी विचारले. ती नाही म्हणाली. पाहुण्यांनी तिला वहीतला अंगठा दाखवला. तिने वही जवळ घेतली, बराच वेळ पाहिले, मग आपला अंगठा वर धरला.

"भाऊ, हाऊ अंगठा मना नही शे. मना अंगठा मना जोडे शे."

रागाने बोलली नाही. सांगितल्यासारखे सांगितले. आदिवासींच्या अंगठ्याचा इतिहास एकलव्यापासून सावकाराच्या वहीपर्यंत काय आहे, हे मी शिबिरांत लोकांना शिकवत होतो. त्या खोलीत तो इतिहास आणखी एका पानाने मी वाढवला होता.

पाहुण्यांना मी ब्लँकेटे दाखवली. 15 चांगली, 6 कुरतडलेली, 2 नाहीत. बाळंतिणीची गोष्ट मी सांगितली. ती खरी होती, पण ज्या वहीत 23 अंगठे खोटे आहेत त्या वहीच्या मालकाचे खरे कोण धरणार? मी चोरी केली नव्हती. तरी चोराने जे बोलावे तेच शब्द माझ्या तोंडून निघत होते. त्या वेळी मला कळले की उरस्त्राण नसणे म्हणजे काय. माझ्याजवळ वचन होते, विश्वास होता, प्रार्थना करणारी मंडळी होती. छाती उघडी होती. आणि शत्रूला नेमही धरावा लागला नव्हता. कोणीतरी सहज एक नाव वाचले, एवढेच.

त्या रात्री मी जखऱ्याचा तिसरा अध्याय वाचला. मुख्य याजक यहोशवा देवदूतापुढे उभा आहे, त्याच्या अंगावर मळकी वस्त्रे आहेत, आणि त्याला दोष द्यायला सैतान उजवीकडे उभा आहे. मी पूर्वी हा अध्याय 'खोट्या आरोपातून सुटका' असा शिकवत असे. पण आरोप खोटा नाही. वस्त्रे मळकी आहेतच. देव सैतानाला धमकावतो, पण याजकाचे कपडे स्वच्छ आहेत असे एकदाही म्हणत नाही. तो ते उतरवायला सांगतो आणि दुसरे देतो. आणि मगच, सातव्या वचनात, माझ्या मार्गांनी चालशील तर, असे पुढचे बोलणे येते.

इथे पुष्कळ चर्चा होते की पौलाच्या मनात कोणते नीतिमत्त्व आहे : ख्रिस्ताकडून विश्वासाने फुकट मिळालेले, की आपण रोज आचरायचे? बायबल शाळेत आम्ही यावर तासन्‌तास भांडलो. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल स्वतःच्या नीतिमत्त्वाचा हिशेब तोट्यात मांडतो आणि ख्रिस्ताकडून मिळणारे धरतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात मात्र तो नीतिमत्त्वाची शस्त्रे उजव्या आणि डाव्या हातात घेऊन सेवेत उभा आहे, आणि तिथे बोलणे चालले आहे ते रोजच्या वागण्याचे. मला आता हे भांडण तितके महत्त्वाचे वाटत नाही. चिलखत शिपाई स्वतः घडवत नाही, ते राजाकडून मिळते. पण मिळालेले चिलखत खुंटीला टांगून लढाईला गेलेल्याला ते वाचवत नाही. मला ते मिळालेले होते. खुंटीला होते.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात या दोन गोष्टी ज्या क्रमाने आल्या त्याकडे मी पुष्कळदा पाहतो. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण स्वतःच्या साक्षीत त्या सांगतात की त्यानंतर आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विद्वान, एवढी त्यागी बाई! शारदा सदन 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सुरू करून 1890 मध्ये पुण्याला हलवले होते, विधवांसाठी जीव टाकत होत्या, आणि तरी आपले काहीच देवापुढे पुरत नाही हे त्यांना 1891 च्या सुमारास उमगले. आपल्या करणीवर टेकणे सोडून त्या ख्रिस्तावर टेकल्या.

दोन वर्षांनी, 1893 मध्ये, हल्ला आला. सदनात धर्म शिकवणार नाही असे वचन होते, आणि मुली ख्रिस्ती होत आहेत असा गवगवा पुण्यात झाला. 'केसरी'ने टीका केली. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी ऑगस्टमध्ये राजीनामे दिले. पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्या ख्रिस्ती लिखाणात या प्रसंगी टीकाकारांना सरसकट दुष्ट ठरवण्याची चाल आहे. मला ती पटत नाही. रानडे आणि भांडारकर सचोटीची माणसे होती आणि त्यांची अडचण खरी होती. पण रमाबाईंचे पाहा. त्या आपली प्रार्थना आपल्या खोलीत करत, दार उघडे ठेवून. यायचे त्या मुली येत, न यायचे त्या येत नसत. हे त्यांनी लपवले नव्हते, पैसे देणाऱ्या बोस्टनच्या मंडळापासूनही नाही. त्या मंडळाने दहा वर्षे मदतीची हमी दिली होती. गवगव्यानंतर त्यांच्यातील एक बाई स्वतः पुण्यात येऊन सदन पाहून गेल्या आणि मदत चालू राहिली. 1898 मध्ये मुदत संपल्यावर रमाबाई अमेरिकेत गेल्या आणि दहा वर्षांच्या कामाचा वृत्तान्त त्यांनी मंडळापुढे ठेवला. त्यांच्याशी मतभेद ठेवता येत होता, आजही ठेवता येतो. पण जे लोक पाहायला आले त्यांना जे सांगितले होते तेच दिसले. बाण लागले, जखमाही झाल्या असतील. सांधा सापडला नाही.

माझे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. मी मदत पाठवणाऱ्यांना सर्व लिहून कळवले. 23 ब्लँकेटांचे पैसे माझ्या मानधनातून हप्त्याने कापले गेले, ते योग्यच होते. एक वर्ष माझ्याकडे पैशाचे कोणतेही काम ठेवले नाही. 15 ब्लँकेटे माणसे उसातून परतल्यावर दिली गेली. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र त्या पाड्याला मदत आली नाही. चूक माझी आणि थंडी त्यांना. जानेवारीत एका रात्री मी तिथे शेकोटीजवळ बसलो होतो. कोणी मला काही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते. आणि ज्या दोन तरुणांकडून मी अंगठे घेतले, त्यांतला एक अजून सभेला येत नाही. लहानांना अडखळवणाऱ्याविषयी प्रभू मार्काच्या नवव्या अध्यायात काय म्हणतो, ते मी त्या मुलाच्या घरावरून जाताना आठवतो. क्षमा झाली आहे असा माझा विश्वास आहे. तो मुलगा परत आलेला नाही हेही खरे आहे.

आता तुमच्याशी, म्हणजे दान देणाऱ्यांशी, दोन शब्द बोलायचे आहेत. ते थोडे कडू वाटले तर सांभाळून घ्या. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेतो आहे. तो ती एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेले माणूस बरोबर घेतो, आणि कारणही सांगतो : या मोठ्या रकमेविषयी कोणी दोष लावू नये, आणि देवाच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने योग्य ते व्हावे. दमास्कसच्या वाटेवर प्रभूला पाहिलेला प्रेषित पैशाबरोबर साक्षीदार मागतो! आपण मात्र 'प्रभूचा सेवक आहे, विश्वास ठेवा' म्हणून मोकळे होतो. विश्वास जरूर ठेवा, पण वही मागा. पाड्यावर या, एखादे नाव सहज वाचा. सेवकाची छाती उघडी आहे का हे पाहणे हा त्याचा अपमान नव्हे.

पण दुसरीही बाजू आहे. अहवालात आकडा पूर्णच हवा, फोटोत रांग लांबच हवी, मार्चच्या आत सर्व वाटून झालेच पाहिजे, असा आग्रह जेव्हा वरून येतो, तेव्हा खाली कोणाच्या तरी मागच्या खोलीत शाईचे पॅड निघते. माझे पाप माझेच, ते मी कोणावर टाकत नाही. तरी एवढे मागतो की आमच्याकडून अपुरा अहवाल आला तर तो घ्या.

त्या पहिल्या बहिणीकडे मी पुढच्या महिन्यात परत गेलो. मूल बरे होते. ताप उतरायला सरकारी दवाखान्यातील गोळ्या कामी आल्या होत्या. मी तिला म्हणालो, गेल्या वेळी मी अर्धेच सांगितले. मग आम्ही बसून बोललो, ख्रिस्त तिच्यासाठी काय झाला आणि आता तिने काय व्हायचे, याविषयी. तिनेच विषय काढला की ज्या शेजारणी तिच्याबद्दल कुजबुजत होत्या, त्यांतल्या एकीचे दीडशे रुपये ती दोन वर्षे देणे लागते आणि नाही म्हणत आली आहे. ते द्यावेत का, असे तिने विचारले नाही. कसे द्यावेत, हे विचारले. कोंबडी विकून दिले. कुजबुज थांबली की नाही हे मला ठाऊक नाही. मी विचारले नाही.

या वर्षीचे ब्लँकेटवाटप डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन पाड्यांवर झाले. अंगठा घेताना पाड्यातल्याच दोन बायका शेजारी बसतात. त्यांना लिहिता येत नाही, पण कोणाचा हात कोणता हे त्यांना कळते. वहीत 19 जागा कोऱ्या आहेत. त्या प्रत्येक जागेपुढे 'उसाला गेले' असे लिहिले आहे. 19 ब्लँकेटे पत्र्याच्या पेटीत ठेवली आहेत. पेटीची किल्ली माझ्याकडे नाही, त्या दोघींपैकी एकीकडे आहे. आखाजीला माणसे परत येतील. तेव्हा उन्हाळा असेल आणि ब्लँकेट घेताना ती हसतील. अंगठे तेव्हा घेऊ.